बिंदुपथ ठरवताना या चुका टाळा

बिंदुपथ म्हणजे दिलेली अट पाळणाऱ्या सर्व बिंदूंची आकृती. लंबदुभाजकावरचा (रेषाखंडाला मधोमध काटकोनात छेदणाऱ्या रेषेवरचा) प्रत्येक बिंदू रेषाखंडाच्या दोन्ही टोकांपासून समान अंतरावर असतो, एवढं सिद्ध करून बरीच उत्तरं संपतात. पण हे अर्धंच काम झालं. समान अंतरावरचा एकही बिंदू त्या रेषेबाहेर नाही, हेही दाखवायला हवं. ही दुसरी बाजू सोडली की बिंदू निसटतात. छेदणाऱ्या दोन रेषांपासून समान अंतरावरचे बिंदू विचारले, तर एक कोनदुभाजक काढून लोक मोकळे होतात; उत्तरात मात्र परस्परांना लंब अशा दोन रेषा येतात.

कधी उलट होतं, नको ते बिंदू आत शिरतात. रेषाखंड अब ज्या बिंदूंपासून ९०° च्या कोनात दिसतो, ते अब व्यास असलेल्या वर्तुळावर असतात, पण अ आणि ब वगळून, कारण तिथे कोनच होत नाही. कोन ६०° केला तर पूर्ण वर्तुळ मिळत नाही. अबच्या दोन्ही बाजूंना एकेक कंस मिळतो.

एका बिंदूपासून ठरावीक अंतरावरचे बिंदू सांगताना ‘प्रतलात’ (म्हणजे एकाच सपाट पृष्ठावर) म्हणायला विसरू नका, नाहीतर वर्तुळाऐवजी गोल हाती येतो. केंद्रबिंदू वर्तुळावर नसतो, हेही ध्यानात असू द्या.

सर्वांत फसवे असतात ते आकडे. प हा शोधायचा बिंदू धरून पअ + पब = १० ही अट दिसली की ‘विवृत्त’ (लंबवर्तुळ) लिहून टाकायचा मोह होतो. अब = ६ असेल तर ते बरोबर. अब = १० असेल तर फक्त रेषाखंड अब उरतो, आणि अब = १२ असेल तर असा एकही बिंदू नसतो. आकृती ओळखण्याआधी अटीतलं अंतर तपासायची सवय मला सूत्रं पाठ करण्यापेक्षा जास्त उपयोगाची वाटते.

समीकरणात रूपांतर करताना वर्ग केला असेल, तर जादा बिंदू हमखास तपासा. अ (−३, ०), ब (३, ०) आणि अट पअ − पब = ४ घ्या. वर्ग करत गेल्यावर अपास्ताच्या (दोन सुट्या शाखांच्या वक्राच्या) दोन्ही शाखा मिळतात. त्यातला (−२, ०) मूळ अटीत घाला: पअ = १, पब = ५, वजाबाकी −४. म्हणजे डावी शाखा बाद, उत्तर फक्त उजवी.