मॅक्स लिंडर इतका घाईत नव्हता

प्रबंधाच्या मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझ्या दुसऱ्या प्रकरणाविषयी एकच प्रश्न विचारला. 'आपण हे मूकपट कोणत्या गतीने पाहिलेत?' मी थोडा वेळ त्यांच्याकडे पाहतच राहिले, कारण प्रश्नाचा रोखच मला समजला नव्हता. चित्रपट जसा चालतो तसा पाहायचा असतो, त्यात गती निवडण्याचा प्रश्न येतो कुठे, अशी माझी समजूत होती. त्या समजुतीपायी चाळीस पाने आणि जवळजवळ एक वर्ष खर्ची पडले. सुरुवातीच्या फ्रेंच चित्रपटांचा अभ्यास करू पाहणाऱ्या नव्या मंडळींसाठी मी हे लिहिते आहे. ल्युमिएर बंधूंचा १८९५ मधला पॅरिसचा चित्रपटांचा खेळ, पुढच्याच जुलैत मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झालेला खेळ, मेलिएसचा चांद्रसफरीचा चित्रपट या गोष्टी आपल्याला माहीत असणारच. त्या मी पुन्हा सांगत बसत नाही.

माझ्या त्या प्रकरणाचा सिद्धांत असा होता: १९०५ ते १९१४ या काळातल्या पाथे आणि गोमाँ या कंपन्यांच्या विनोदी लघुपटांत माणसांची शरीरे सतत अस्वस्थ, झटके दिल्यासारखी, कळसूत्री बाहुल्यांसारखी हलतात, आणि ही हालचाल म्हणजे कारखाने आणि मेट्रो यांनी बदललेल्या शहरी जीवनाचे रूपच होय. आधाराला फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ तयारच होता. सजीव माणूस यंत्रासारखा वागू लागला की हसू येते, हे त्याने १९०० मध्येच मांडून ठेवले होते. सिद्धांत आणि पुरावा इतके चपखल जुळले की मला संशय यायला हवा होता. तो आला नाही, कारण मार्गदर्शकांना प्रकरण आवडले होते आणि मलाही ते फार आवडले होते.

आता चूक नेमकी कुठे होती ते सांगते, आणि जरा सविस्तर सांगते, कारण आजही दर वर्षी कोणीतरी याच खड्ड्यात पडलेले मला दिसते. मूकपटांच्या काळात कॅमेरा बहुधा हाताने फिरवला जाई. सेकंदाला साधारण सोळा चौकटी, म्हणजे फ्रेम, टिपल्या जात. कधी चौदा, कधी अठरा, कधी वीसही. बोलपट आल्यावर ध्वनीसाठी सेकंदाला चोवीस चौकटींची गती पक्की झाली. सोळाच्या गतीने टिपलेली फिल्म चोवीसच्या गतीने दाखवली, तर पडद्यावरचे सगळे जग दीडपट वेगाने धावते. तीनशे मीटरच्या एका रिळात सुमारे पंधरा हजार आठशे चौकटी असतात. सोळाच्या गतीने ते रीळ सोळा मिनिटांहून थोडे अधिक चालते आणि चोवीसच्या गतीने अकरा मिनिटांत संपते. मी ज्या प्रती पाहिल्या होत्या त्यांतल्या बहुतेक गती न जुळवता, चौकटीला चौकट उतरवलेल्या होत्या. म्हणजे ज्या 'यांत्रिक अस्वस्थते'वर मी चाळीस पाने लिहिली, ती १९१० च्या पॅरिसची नसून पुढे केव्हातरी प्रत उतरवणाऱ्या यंत्राची होती.

त्या काळातला फ्रेंच विनोदी नट मॅक्स लिंडर याचा १९११ चा एक लघुपट घ्या. अशक्तपणावर डॉक्टर त्याला सिंकोनाची साल घातलेली औषधी वाइन लिहून देतात, तो ती भल्यामोठ्या पेल्यातून पितो आणि झिंगतो. झिंगलेल्या अवस्थेत तो एकामागून एक बड्या माणसांशी भांडतो. प्रत्येक जण द्वंद्वयुद्धाचे आव्हान म्हणून त्याच्या हाती आपले भेटकार्ड ठेवतो. पुढे रस्त्यात सापडलेल्या या सभ्य दारुड्याच्या खिशात पोलिसांना ती कार्डे मिळतात आणि ते अदबीने त्याला कार्डावरच्या पत्त्यावर, म्हणजे भलत्याच्याच घरी, नेऊन पोहोचवतात. धावत्या प्रतीत मला एक माकडचेष्टा करणारा माणूस दिसला होता. योग्य गतीने पाहिले तेव्हा उंची रेशमी टोपी घातलेला एक गृहस्थ दिसला, जो तोल जात असतानाही आपली प्रतिष्ठा सांभाळण्याची पराकाष्ठा करतो आहे. या चित्रपटातला विनोद त्या पराकाष्ठेत आहे आणि तिला वेळ लागतो. झिंगलेला माणूस सावकाश चालतो, कारण पडू नये म्हणून त्याला विचार करावा लागतो. दीडपट वेगात तो विचारच गळून जातो. थोडक्यात, माझ्या प्रकरणाच्या अगदी उलटे निष्कर्ष त्याच चित्रपटांत दडलेले होते.

गती ओळखायची कशी, हे मला कोणी शिकवले नाही, म्हणून येथे लिहून ठेवते. माणसाची चाल हा भरवशाचा पुरावा नाही, कारण नट मुद्दाम भरभर चालू शकतो. पडणाऱ्या वस्तूला मात्र अभिनय करता येत नाही. पाऊण मीटर उंचीच्या टेबलावरून बशी पडली की तिला जमिनीवर पोहोचायला सुमारे ०.४ सेकंद लागतात, मग ते टेबल पॅरिसमधले असो वा पुण्यातले. चित्रपट एकेक चौकट पुढे सरकवत बशी सुटल्यापासून फुटेपर्यंतच्या वेगवेगळ्या चौकटी मोजा. सहा-सात भरल्या तर कॅमेरा सोळाच्या आसपास फिरत होता. नऊ-दहा भरल्या तर चोवीसच्या आसपास. मी एका पाथे विनोदपटात हे पहिल्यांदा केले तेव्हा सलग चार वेळा सहाच चौकटी आल्या आणि मी संगणक बंद करून घराबाहेर फिरायला गेले.

दुसरी खूण त्याहून सोपी आहे. काळजीपूर्वक केलेल्या डिजिटल प्रतीत सोळाची गती राखण्यासाठी दर दोन चौकटींपैकी एक पुन्हा दाखवलेली असते, म्हणजे दोनाच्या तीन होतात. पुढे सरकवताना चित्र ठरावीक अंतराने जागच्या जागी थबकले, तर ती प्रत करणाऱ्याने विचार केला होता असे समजावे. एकही चौकट पुन्हा येत नसेल, तर सावध व्हावे. अर्थात 'खरी गती' नावाची एकच गोष्ट असते असेही मानू नका. प्रक्षेपकाचे हँडलही माणूसच फिरवत असे आणि चित्रपट टिपलेल्या गतीनेच दाखवला जाई असे नव्हते. त्यामुळे आपण कोणती गती धरली आणि का धरली, एवढे प्रामाणिकपणे नोंदवणे हेच आपले काम आहे.

संगणकाने रंगवलेल्या आणि मधल्या चौकटी कल्पनेने भरून गुळगुळीत केलेल्या प्रतींविषयी माझे मत कठोर आहे: अभ्यासासाठी त्यांना हातही लावू नये. त्यांत दिसणाऱ्या निम्म्याहून अधिक चौकटी कोणत्याही कॅमेऱ्याने टिपलेल्या नाहीत. 'निदान गोडी तरी लागते' असे त्यांचे समर्थन केले जाते. मला ते पटत नाही. तितकेच कठोर मत नव्या विद्यार्थ्याच्या हाती शंभर चित्रपटांची यादी ठेवणाऱ्या मार्गदर्शकांविषयी. मलाही अशी यादी मिळाली होती आणि मी ती इमानेइतबारे पाच महिन्यांत संपवली. त्या शंभरांतल्या एकाही चित्रपटाची प्रत कोणती, हे ना त्यांनी सांगितले ना मी विचारले. एकच दहा मिनिटांचा लघुपट दहा वेळा पाहिला असता तर अधिक शिकले असते.

बोलपटांकडे वळल्यावर हा त्रास संपेल असे वाटत असेल, तर तसे होत नाही. तो फक्त रूप बदलतो. दिग्दर्शक ज्याँ रेन्वारचा 'ला रेग्ल द्यू ज्यू' मी प्रथम युरोपीय डीव्हीडीवर पाहिला. लांबी १०६ मिनिटांची असायला हवी होती, प्रत भरली जेमतेम १०२ मिनिटांची. चार मिनिटे कोणी कापली या शोधात मी दोन आठवडे दृश्ये जुळवत बसले. काहीही कापलेले नव्हते. युरोपातल्या दूरचित्रवाणीच्या पद्धतीत चोवीस चौकटींचा चित्रपट सेकंदाला पंचवीस चौकटींनी चालतो, म्हणून १०६ मिनिटे १०१ मिनिटे ४५ सेकंदांत संपतात आणि आवाज किंचित चढा लागतो. गंमत अशी की याच चित्रपटाला खरोखरची कात्री लागलेली होती. जुलै १९३९ मध्ये प्रेक्षकांनी हुर्यो उडवल्यावर तो छाटला गेला, पुढे त्यावर बंदी आली, युद्धातल्या बॉम्बहल्ल्यात मूळ निगेटिव्ह नष्ट झाली आणि आज आपण पाहतो ती १०६ मिनिटांची प्रत सापडलेल्या तुकड्यांतून १९५९ मध्ये उभी राहिली. तेव्हा १९३९ च्या प्रेक्षकांना काय खटकले यावर लिहिताना आपल्यासमोर असलेली प्रत त्यांनी पाहिलेली नाही, हे विसरून चालत नाही.

दिग्दर्शक ज्याँ व्हिगोच्या 'लातालांत' या चित्रपटाचे तेच झाले. १९३४ मध्ये वितरकांनी तो कापला, त्यात त्या वेळचे एक लोकप्रिय गाणे घातले आणि त्या गाण्याचेच नाव चित्रपटाला दिले. त्याच ऑक्टोबरात व्हिगो वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी वारला. नट-दिग्दर्शक जाक तातीने तर आपल्या चित्रपटांवर स्वतःच पुनःपुन्हा हात फिरवला. मस्यू उलो या त्याच्या पात्राच्या सुट्टीचा चित्रपट १९५३ चा. पण त्याच्या प्रचलित प्रतीत दुमडलेली होडी शार्कच्या जबड्यासारखी दिसते आणि किनाऱ्यावरची माणसे घाबरून पळतात, हा भाग तातीने १९७८ मध्ये नव्याने चित्रित करून घातलेला आहे. मी एका लेखात या प्रसंगाचा संबंध युद्धोत्तर भीतीशी जोडला होता. संपादकांनी समासात केवळ 'जॉज, १९७५' एवढेच, म्हणजे शार्कवरच्या गाजलेल्या अमेरिकी चित्रपटाचे नाव आणि वर्ष, लिहून लेख परत पाठवला. मौखिक परीक्षेनंतर तीन वर्षांनी हे घडले, म्हणून सांगते.

हे वाचून कोणी घाबरून जाऊ नये. भाषेची अडचण तर मला वाटली होती त्याच्या निम्मीही नाही. मूकपटांत दृश्यांच्या मधे येणाऱ्या मजकुराच्या पाट्या वाचण्यापुरते फ्रेंच वर्षभरात येते, आणि पात्रांच्या हातातली पत्रे, भेटकार्डे, दुकानांवरच्या पाट्या वाचता येऊ लागल्या की चित्रपट एकदम मोठा होतो. तीसच्या दशकातल्या बोलपटांना मात्र अधिक तयारी लागते. अभिनेत्री आर्लेतीच्या तोंडची पॅरिसची बोली उपशीर्षकांत जवळजवळ सगळी सांडते. त्या वेळी कमीपणा वाटून घेऊ नका, मला आजही एकेक संवाद तीन-तीनदा ऐकावा लागतो. पुण्यात असाल तर राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाच्या ग्रंथालयात जाऊन बसा, आणि कधी रिळावरून दाखवलेला मूकपट पाहण्याची संधी मिळाली तर खेळ संपल्यावर प्रक्षेपण कक्षात जाऊन गती विचारून घ्या. तिथली माणसे आनंदाने सांगतात; त्यांना हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

माझ्या वहीत आता प्रत्येक चित्रपटाच्या नावाखाली चार रकाने आहेत: प्रत कोठली, लांबी किती, गती किती, गती कशावरून ठरवली. लिंडरच्या १९०७ च्या एका लघुपटात तो नवशिक्या म्हणून गोठलेल्या तळ्यावर स्केटिंग करायला जातो आणि पुनःपुन्हा आपटतो. तो किती वेळा आपटतो ते मी मोजले आहे, पण स्वतःला सावरू पाहणारे शरीर बशीसारखे सरळ खाली येत नाही, त्यामुळे तिसऱ्या रकान्यात पेन्सिलीने १६ लिहून पुढे प्रश्नचिन्ह घातले आहे आणि चौथा रकाना अजून कोराच आहे.