औषधाला न जुमानणारी पेशी: पी-ग्लायकोप्रोटीनचा पंप चालू आहे का, हे कसे तपासावे

कर्करोगाची एखादी सेल लाइन (प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशींचे घराणे) डॉक्सोरुबिसिन या कर्करोगावरील औषधाच्या हळूहळू वाढवलेल्या मात्रेत काही महिने ठेवली, की त्या औषधाला ती जुमानेनाशी होते. आणि पुष्कळदा, ज्यांच्याशी तिचा कधी संबंधच आलेला नसतो अशा व्हिन्क्रिस्टिन, पॅक्लिटॅक्सेल किंवा कोल्चिसिन या औषधांनाही ती दाद देत नाही. या बहुऔषध-प्रतिरोधामागे पेशीपटलातील पी-ग्लायकोप्रोटीन हे वाहक प्रथिन, म्हणजे औषध पेशीबाहेर फेकणारा पंप, असू शकतो. मात्र प्रतिरोध दिसला म्हणजे हाच पंप, असे गृहीत धरणे ही प्रयोगशाळेतील सर्वांत सामान्य चूक आहे. प्रथिन पेशीत असणे, ते काम करीत असणे आणि प्रतिरोध त्याच्यामुळेच असणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी असून तिन्ही स्वतंत्रपणे दाखवाव्या लागतात.

तपासणी आखण्यापूर्वी पंपाची रीत समजून घ्यावी. १९७३ मध्ये केल्ड डानो यांनी उंदरांच्या अर्बुदपेशी डॉनोमायसिन हे औषध ऊर्जा खर्चून बाहेर टाकतात, असे दाखवले. १९७६ मध्ये ज्युलियानो आणि लिंग यांना कोल्चिसिनला न जुमानणाऱ्या हॅम्स्टरच्या पेशींच्या पटलावर सुमारे १७० किलोडाल्टनचे ग्लायकोप्रोटीन सापडले. औषध आत शिरण्याची पटलाची पार्यताच या प्रथिनामुळे बदलते, अशी तेव्हाची समजूत होती. नावातील ‘पी’ हे अक्षर त्या पार्यतेच्या इंग्रजी शब्दाचे आहे. मानवात हे १२८० अमिनो आम्लांचे प्रथिन सातव्या गुणसूत्रावरील एबीसीबी-१ या जनुकापासून तयार होते. त्याच्या बारा सर्पिल पट्ट्या पटलातून आरपार जातात आणि आतल्या बाजूला एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) धरणाऱ्या दोन जागा असतात. औषध बहुधा पटलाच्या आतल्या थरातूनच मधल्या पोकळीत शिरते. एटीपी बसले की दोन्ही अर्धे एकमेकांना भिडतात, पोकळीचे तोंड बाहेर उघडते आणि औषध निसटते. एटीपीचे विघटन झाल्यावर पंप मूळ स्थितीत येतो.

पोकळी ऐसपैस असल्यामुळे रचनेने परस्परांशी काहीही नाते नसलेली, पण मेदात विरघळणारी अनेक औषधे तिच्यात मावतात. सिस्प्लॅटिन आणि मेथोट्रेक्सेट मात्र या पंपाची गिऱ्हाइके नव्हेत, आणि पहिली चाचणी याच फरकावर उभी आहे.

त्याआधी सेल लाइनची ओळख पटवून घ्यावी. स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वर्षानुवर्षे वापरलेली, डॉक्सोरुबिसिनला न जुमानणारी एक प्रसिद्ध सेल लाइन प्रत्यक्षात अंडाशयाच्या कर्करोगाची निघाली आणि तिचे नाव बदलून एनसीआय/एडीआर-आरईएस ठेवावे लागले. मूळ पेशी आणि प्रतिरोधक पेशी या एकाच घराण्यातील आहेत, हे डीएनए-ठशांच्या एसटीआर चाचणीने सिद्ध झाले नसेल, तर पुढच्या साऱ्या तुलना व्यर्थ ठरतात.

पहिल्या चाचणीसाठी दोन्ही प्रकारच्या पेशी ९६ खळग्यांच्या (वेल) प्लेटमध्ये सारख्या संख्येने पेराव्यात, दुसऱ्या दिवशी औषधाच्या चढत्या मात्रा द्याव्यात आणि ७२ तासांनी एमटीटी चाचणी (जिवंत पेशी किती उरल्या, हे रंगावरून सांगणारी) करून ५७० नॅनोमीटरला वाचन घ्यावे. वाढ निम्म्यावर आणणाऱ्या मात्रेला आयसी-५० म्हणतात. प्रतिरोधक पेशींच्या आयसी-५० ला मूळ पेशींच्या आयसी-५० ने भागले की प्रतिरोधाची पट मिळते. व्हिन्क्रिस्टिन आणि पॅक्लिटॅक्सेल यांची पट मोठी असून सिस्प्लॅटिनची एकाच्या आसपास असेल, तर संशय पंपाकडे वळवावा. केवळ डॉक्सोरुबिसिन आणि इटोपोसाइड निकामी होत असतील, पण व्हिन्क्रिस्टिन चालत असेल, तर या दोन्ही औषधांचे लक्ष्य असलेल्या टोपोआयसोमरेज-२ या विकरातील बदल आधी तपासावा.

प्रथिन आहे की नाही, हे पाहण्यासाठी केवळ आरएनए मोजून थांबू नये. पेशीच्या बाहेरील भाग ओळखणारे यूआयसी-२ किंवा एमआरके-१६ हे प्रतिपिंड वापरून जिवंत पेशी फ्लो सायटोमीटरवर (एकेका पेशीची चमक मोजणारे यंत्र) तपासल्यास पटलावर पोहोचलेले प्रथिनच मोजले जाते.

खरा निकाल लागतो तो ऱ्होडामाइन-१२३ या चमकणाऱ्या रंगद्रव्याच्या चाचणीत, म्हणून वेळ येथे खर्चावा; पंप चालू असेल, तर तो हे रंगद्रव्यही बाहेर टाकतो. डॉक्सोरुबिसिन स्वतःच चमकते आणि पंपासाठी रंगद्रव्याशी स्पर्धाही करते, त्यामुळे प्रतिरोधक पेशी चाचणीपूर्वी काही दिवस औषधाविना वाढवाव्यात. मग त्यांना सुमारे १ मायक्रोमोलर ऱ्होडामाइन ३७ अंश सेल्सिअसला अर्धा तास द्यावे, थंड बफरने धुवावे आणि ऱ्होडामाइन नसलेल्या मीडियममध्ये पुन्हा ३७ अंशांवर तासभर ठेवावे. एक भाग बर्फावरच राखावा, कारण थंडीत पंप जवळजवळ थांबतो आणि सुरुवातीला किती रंग भरला होता, हे त्यावरून कळते. मृत पेशी ७-एएडी या, फक्त त्यांनाच रंगवणाऱ्या द्रव्याने ओळखून वगळाव्यात. याच कामासाठीच्या प्रोपिडियम आयोडाइडचा प्रकाश ऱ्होडामाइनच्या शेजारच्या पट्ट्यात मिसळून घोटाळा करतो.

हाच प्रयोग १० मायक्रोमोलर व्हेरापामिल घालून समांतर करावा. हृदयविकारावरील हे औषध पंप अडवते, असे १९८१ मध्ये त्सुरुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले होते. (रुग्णाच्या रक्तात तेवढी मात्रा राखणे हृदयाला झेपत नाही, त्यामुळे दवाखान्यात ही युक्ती फळाला आली नाही.) प्रतिरोधक पेशींतला रंग व्हेरापामिलविना गळून गेला आणि व्हेरापामिलसह टिकला, तर पंप चालू आहे, असे म्हणता येते. एझाइड देऊन पेशींची ऊर्जा तोडण्याचा मोह मात्र येथे टाळावा: ऱ्होडामाइन तंतुकणिकांच्या विद्युतभारावर साठते आणि तो भारच उतरला की रंग कमी का झाला, हे सांगता येत नाही.

व्हेरापामिल इतर मार्गांवरही परिणाम करते, म्हणून टॅरिक्विडार या अधिक नेमक्या अवरोधकाने निकाल पडताळावा. एमआरपी-१ आणि बीसीआरपी हे दुसरे पंपही औषधे बाहेर टाकतात. त्यांच्यासाठी अनुक्रमे एमके-५७१ आणि केओ-१४३ हे अवरोधक वापरावेत.

शेवटी कारण सिद्ध करण्यासाठी एबीसीबी-१ जनुक क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राने निकामी करावे आणि पहिली चाचणी पुन्हा करावी. समजा, प्रतिरोधाची पट १०० वरून १ वर आली, तर सारा भार या एकाच पंपावर होता. ती १०० वरून ८ वर येऊन अडकली, तर उरलेल्या आठपटीचे कारण वेगळे आहे. ते हाती लागेपर्यंत अहवालात दोन्ही आकडे शेजारीशेजारी द्यावेत.