कोकणात घर घेतलंय आणि होमस्टे काढायचाय? आधी एक पावसाळा त्या घरात राहा

आम्ही मालवण तालुक्यात जुनं कौलारू घर घेतलं तेव्हा माझा हिशोब एकदम सोपा होता. जानेवारीत खरेदीखत, मार्चपर्यंत रंगरंगोटी, एप्रिलमध्ये दोन खोल्यांत गाद्या टाकायच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत पाहुणे. शेजारच्या काकी रोज गडग्यापाशी येऊन काम बघायच्या, एक दिवस म्हणाल्या, "गो बाय, रंग कित्याक काढतंस, पयलो पाऊस बघ, मगे घर काय ता कळतला." मी हसून हो म्हटलं आणि रंग लावलाच. जूनमध्ये पाऊस लागला आणि तिसऱ्या रात्री पाहुण्यांच्या खोलीत बरोब्बर उशीच्या जागी पाणी टपकायला लागलं, पश्चिमेकडची भिंत तर कमरेएवढी ओली, आणि नवा कोरा प्लास्टिक पेंट पापुद्र्यासारखा हातात यायला लागला. चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची भिंत पाणी पिते आणि मग तिला ते बाहेर टाकायचं असतं, वरून आपण प्लास्टिक पेंट मारला की ओल आतच अडकते. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर, असं म्हणणार होते, पण काकींनी सांगितलंच होतं.

म्हणून ज्यांनी आत्ताच घर घेतलंय त्यांना माझं पहिलं सांगणं हेच, की पहिल्या वर्षी पाहुणे घेऊ नका, घरात स्वतः राहा, निदान जून ते सप्टेंबर. कौल कुठे गळतं, पागोळीचं पाणी कुठे साचतं, वाळवी कुठल्या चौकटीतून वर चढते, लाइट गेली की किती तास येत नाही, कुठल्या कोपऱ्यात मोबाइलला रेंज येते, हे सगळं त्या चार महिन्यांत कळतं. गळणाऱ्या जागी आतून खडूने खूण करून ठेवा, कारण उन्हाळ्यात कौलं चाळायला माणूस येतो तेव्हा तुम्हाला एकही जागा आठवत नाही. पश्चिमेकडच्या भिंतींना गावातले लोक झापं, म्हणजे विणलेल्या झावळ्या बांधतात ते उगीच नाही, तुम्हीपण बांधा. आणि रंग लावायचाच असेल तर चुना लावा, नाहीतर चिरा तसाच उघडा ठेवा, दिसतोही सुंदर.

पावसात बाहेरची कामं बंद असतात, तेव्हा कागदांच्या मागे लागा. इथे मी जरा लांबण लावणार आहे कारण कोकणात सगळ्यात जास्त अडकतं ते इथेच. घर नमुना ८ ला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदीत, एका माणसाच्या नावावर असतं पण खालच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर पंधरा-वीस सहहिस्सेदार असतात, त्यातले निम्मे मुंबईत, काही वारलेले आणि वारस नोंद झालेलीच नाही. घर विकत घेताना वकिलाने हे बघितलं असेल असं आपण धरून चालतो. पण तुम्ही व्यवसाय सुरू केला, चार गाड्या अंगणात दिसायला लागल्या, की कुणीतरी चुलत भाऊ उगवतो आणि म्हणतो आमचाही हिस्सा आहे. तेव्हा सातबारा, फेरफार, नमुना ८ आणि खरेदीखत एकत्र समोर ठेवून स्वतः ओळ न् ओळ वाचा. आणि अजून घर घ्यायचंच असेल तर हेही लक्षात ठेवा, की महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असावं लागतं, "मागची दहा गुंठे बाग पण घेऊन टाका" असं एजंट म्हणाला तर लगेच मान हलवू नका. समुद्राच्या किंवा खाडीच्या जवळ असाल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम बघा. समुद्राला भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा त्यात येतो, त्यामुळे जुन्या जोत्यावर दुरुस्ती करणं वेगळं आणि अंगणात दोन नव्या खोल्या चढवणं वेगळं. एक वीट लावायच्या आधी लेखी विचारा.

नोंदणीचं म्हणाल तर घाबरण्यासारखं काही नाही. आपल्या राज्यात निवास व न्याहारी योजना बरीच वर्षं आहे, अर्ज पर्यटन संचालनालयाकडे करायचा, मालकीचे कागद, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, पोलिसांचा दाखला, खोल्यांचे फोटो, असं साधारण लागतं आणि मग माणूस येऊन घर बघून जातो. केंद्राची अतुल्य भारतवाली योजना पण आहे, त्यात १ ते ६ खोल्या, जास्तीत जास्त १२ खाटा आणि मालकाने त्याच घरात राहायला हवं. ही राहायची अट मला फार आवडते. तुम्ही पुण्यात बसून इथे केअरटेकर ठेवून चालवणार असाल तर तो होमस्टे नाही, तो छोटा लॉज झाला. नोंदणीचं प्रमाणपत्र हातात आलं की महावितरणकडे जाऊन विजेच्या घरगुती दराचं विचारा, बरेच जण प्रमाणपत्र फ्रेम करून लावतात आणि हे विचारायचंच विसरतात. व्यवसाय बाईच्या नावावर असेल तर २०२३ मध्ये आलेलं 'आई' हे महिला पर्यटन धोरण बघा, त्यात १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा आहे. जेवण-नाश्ता देणार म्हणजे अन्न परवाना, एफएसएसएआयची साधी नोंदणी ऑनलाइन होते, वर्षाला १०० रुपये फी. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. परदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन कळवावी लागते, ते चुकवू नका. बाकी सगळ्यांचं आधार किंवा लायसन्स बघून नोंदवहीत नाव लिहायचं, ओळखीचे असले तरी.

आता खोल्या. दोनच खोल्या करा, पण नीट करा. प्रत्येक खोलीत तुम्ही स्वतः दोन रात्री झोपा, बॅग घेऊन, पाहुण्यासारखं. मी झोपले तेव्हा कळलं की दिव्याचं बटण दारापाशी आणि पलंग पार दुसऱ्या टोकाला, म्हणजे रात्री दिवा घालवून अंधारात चाचपडत यायचं. मोबाइल चार्ज करायला पलंगाजवळ पॉइंट नव्हता. न्हाणीघरात ओला टॉवेल अडकवायला एक खुंटी नव्हती, आणि पहाटे पाच वाजता आमच्याच पंपाच्या आवाजाने मला जाग आली. या चारही गोष्टींना मिळून दीड-दोन हजार रुपये लागले असतील. आम्ही त्याआधी हौसेने वॉलपेपर लावायला निघालो होतो, तो खर्च वाचला. संडास-बाथरूम मात्र खोलीला लागूनच हवं, यात काटकसर नको, सेप्टिक टँक जुना असेल तर उपसून बघा, कारण चार माणसांच्या घरात आठ माणसं आली की तो लगेच बोलतो. मच्छरदाणी द्या. पाण्याचा हिशोब मे महिन्याच्या विहिरीवर करा, ऑक्टोबरच्या विहिरीवर नको. ऑक्टोबरमध्ये हाताला लागणारं पाणी मे मध्ये तळाला जातं आणि नेमके तेव्हाच घरात सगळ्यात जास्त पाहुणे असतात आणि ते समुद्रावरून आले की अर्धा अर्धा तास अंघोळ करतात, जास्तीची टाकी आधीच बसवा.

नाश्ता ही तर योजनेच्या नावातलीच गोष्ट आहे. तरी मी सुरुवातीला कांदेपोहे, ब्रेड-ऑम्लेट, उपमा असं ठेवलं होतं, वाटलं शहरातल्या लोकांना सवयीचं बरं. एका सकाळी ब्रेड संपला म्हणून नाइलाजाने आमच्या घरासाठीच भिजवलेल्या तांदळाचे घावणे घातले, आणि ती मंडळी दुपारपर्यंत त्याबद्दलच बोलत होती. तेव्हापासून ठरवलं, जे आपण खातो तेच द्यायचं. घावण्यासाठी बिडाचा तवाच पाहिजे, नॉनस्टिकवर जाळी पडत नाही. तांदूळ रात्री भिजत घालायचे, सकाळी गंधासारखे बारीक वाटायचे, पीठ ताकाइतकं पातळ, मीठ घालायचं, तवा चांगला तापवून कांद्याच्या तुकड्याने तेल पुसायचं, आणि कडेकडून ओतत मध्ये यायचं. ओतताना चर्र आवाज आला पाहिजे, नाही आला तर थांबा, तवा तापलेला नाही. वर झाकण, एक मिनिट, कडा सुटल्या की काढा, उलटायचं नाही. सोबत ओल्या खोबऱ्याची चटणी. एक दिवस घावणे, एक दिवस आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ, तिसऱ्या दिवशी शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या ताज्या शेवया, आणि नारळाचा रस, लोक साधारण तीन दिवसच राहतात त्यामुळे एवढ्यात भागतं. शिरवाळ्यांना दोन माणसं लागतात, एक जण साचा दाबायला, एक खाली धरायला, तर त्या दिवशी दुसरं काम ठेवू नका. जेवण देणार असाल तर आदल्या रात्री विचारून ठेवा. आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची समुद्रातली मासेमारी बंद असते, त्या काळात ताजी सुरमई मिळेल असं फोनवर कबूल करू नका, खाडीतलं मिळेल ते, नाहीतर सुकट, नाहीतर फणसाची भाजी, हे सरळ सांगा.

दर ठरवताना आजूबाजूच्या चार ठिकाणी फोन करून विचारा आणि पहिल्या हंगामात त्यांच्यापेक्षा थोडा कमी ठेवा, पण फुकटात नको, नातेवाइकांना सुद्धा. आम्ही खोलीला नाश्त्यासकट १८०० पासून सुरू केलं. बुकिंग साइटचं कमिशन आधी नीट समजून घ्या, म्हणजे हातात किती पडणार ते कळेल. मॅपवर पिन स्वतः टाका आणि एकदा अनोळखी रिक्षावाल्याला त्याच पिनवर घरापर्यंत यायला सांगा, आमची पिन पहिले दोन महिने शेजारच्या वाडीतल्या देवळावर होती. फोटो दिवसा काढा, जशी खोली आहे तशी. आणि फोनवरच सांगून टाका की समुद्र घरापासून किती लांब आहे, कुडाळ स्टेशनवरून यायला किती वेळ लागतो, एसी आहे की नाही. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी आणि तारकर्लीचे वॉटर स्पोर्ट्स बंद असतात, हे न सांगता जुलैचं बुकिंग घेतलं तर माणूस येऊन तुमच्या पडवीत तोंड पाडून बसतो. खरं सांगितलं तर जे नुसता पाऊस बघायला येतात तेच येतात, आणि ते पुन्हा येतात.

एक शेवटचं, कॅलेंडर उघडताना सगळ्यात आधी गणपतीचे दिवस बंद करून ठेवा. त्या दिवसांत तुमच्याकडे आरतीला आख्खी वाडी येणार, पाहुण्यांच्या खोलीत आते-मामे सगळे खाली चादरी टाकून झोपणार, घर घरच्यांना लागतं. आमच्या काकी पण तेव्हा सकाळपासून आमच्याच चुलीपाशी असतात, घावण्याचं पीठ त्याच वाटतात, माझं पीठ त्यांना अजून जाडच वाटतं.