टर्बो गाडीचे तापमान आणि हवेची वाट

आयटीआय संपवून वाळूज किंवा जालन्याच्या गॅरेजमध्ये काम शिकणाऱ्या आणि रिमॅप केलेली, म्हणजे इंजिनच्या संगणकातील प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवलेली टर्बो गाडी पहिल्यांदाच हाताळणाऱ्या तरुणांसाठी हे लिहीत आहे. थर्मोस्टॅट, म्हणजे कुलंटची वाट उघडणारी झडप, कुठे असतो आणि कुलंट कसे बदलतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. चाळीस अंशांची हवा टर्बोने, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्राने, वातावरणाच्या दुप्पट दाबावर नेली, तर ती साधारण १३५ ते १४० अंशांवर बाहेर पडते. तिला थंड करण्यासाठी आपण मोठा इंटरकुलर बसवतो, पण बहुतेक गाड्यांत तो एसीच्या कंडेन्सरपुढे येतो आणि रेडिएटर सर्वांत मागे राहतो. म्हणजे रेडिएटरला आधीच दोनदा तापलेली हवा मिळते आणि जास्त इंधन जाळणारे इंजिन त्याच्याकडे पूर्वीपेक्षा जास्त उष्णता पाठवत असते.

मला सर्वांत जास्त छळले ते पुढच्या कोड्याने. गाडी छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकाच्या गर्दीत शांत राहते, समृद्धी महामार्गावर वेग धरला की तापते. पंखा, पंप, थर्मोस्टॅट सगळे ठीक असते, म्हणून गिऱ्हाइकाला मोठा रेडिएटर घ्यायला सांगितले जाते. तसे सांगण्याआधी बंपर उतरवा. इंटरकुलर बसवताना रेडिएटरच्या कडेच्या फोमच्या पट्ट्या आणि हवा वळवणारे प्लॅस्टिकचे पत्रे काढलेले असतात आणि ते परत बसवलेले नसतात. हवा नेहमी कमी अडथळ्याची वाट धरते. इंटरकुलर, कंडेन्सर आणि रेडिएटर या तीन जाळ्यांच्या दाट पात्यांतून जाण्यापेक्षा कडेच्या दोन बोटांच्या फटीतून निसटणे तिला सोपे असते, आणि गाडीचा वेग वाढला तरी ती त्याच फटीतून निसटत राहते. गर्दीत पंखा हवा खेचून घेतो, म्हणून हा दोष तिथे दिसत नाही. इंजिनखालचे आवरण काढून टाकले असेल, तर खालून शिरलेली हवा इंजिनाच्या कप्प्यात दाब वाढवते आणि रेडिएटरमधून पलीकडे जाण्याची हवेची ओढ आणखी कमी होते. अंधारात रेडिएटरच्या मागे टॉर्च धरा; समोरून पाहताना कडेने जिथे थेट उजेड दिसेल, तिथे रबरी फोम किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा लावा. या कामाचा खर्च नव्या रेडिएटरच्या तुलनेत नगण्य आहे, म्हणून घाबरून जाऊ नका. अशा कित्येक गाड्या एवढ्यावरच ताळ्यावर येतात.

तपासताना डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका. पुष्कळ गाड्यांत तो ८० ते १०० अंशांच्या दरम्यान मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. ओबीडी स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडून माहिती वाचणाऱ्या उपकरणावर, तापमानाचा आकडा पाहा, आणि कन्नडच्या औट्रम घाटाची चढण याच्या चाचणीसाठी उत्तम आहे, कारण तिथे वेग कमी आणि टर्बोवर भार जास्त असतो.

थर्मोस्टॅट काढून टाका, असे सांगणारे उस्ताद गावोगाव भेटतात. माझ्या मते या एका सल्ल्यावरून माणूस शिकवण्यालायक आहे की नाही ते ठरवावे. इंजिन तापलेले असताना थर्मोस्टॅट पूर्ण उघडलेलाच असतो. तो काढून भाराखाली फारसे काही मिळत नाही, उलट हिवाळ्यात इंजिन नीट तापत नाही आणि इंधन वाढते. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी भरण्याचेही तेच. आपल्याकडचे बोअरचे पाणी बहुधा जड असते, त्याचे क्षार रेडिएटरच्या नळ्यांत साचतात आणि मग कुठलाही पंखा उपयोगी पडत नाही. डिस्टिल्ड पाणी आणि कुलंट निम्मे निम्मे वापरा.

तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. झाकणाने धरून ठेवलेल्या दाबामुळे शंभर अंशांपुढचे पाणीही उकळत नाही. दाब सुटताच त्याची वाफ होऊन चेहरा आणि हात भाजतात. इंजिन गार झाल्यावर पाणी भरताना गाडीचे नाक चढावर ठेवा, हीटर पूर्ण उघडा आणि बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहा. ते थांबतच नसतील, पाणी मात्र कमी होत असेल, तर हवेची वाट शोधणे सोडून हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधली सील, तपासा.