शांघायच्या थंडीत दही लागत नव्हतं

जानेवारीत दूध रात्रभर तसंच पातळ राहायचं. इथे सेंट्रल हीटिंग नसतं, म्हणून थंडीला दोष दिला. डबा ब्लँकेटात गुंडाळला, मिरचीचं देठ टाकलं, कुकरच्या वॉर्म मोडवर ठेवला (तो फार तापतो). लेकीचा दहीभात तीन आठवडे बंद, फार वाईट वाटलं.

खरं कारण विरजण. फ्रिजबाहेर विकलं जाणारं सुआननाय, म्हणजे इथलं दही, आंबवल्यावर पुन्हा तापवतात. त्यात जिवंत जीवाणू उरत नाहीत.

फ्रिजमधलंच घ्या, 'वूथांग' म्हणजे बिनसाखरेचं मागा. अर्धा लिटर दूध उकळून ४३ अंशांपर्यंत निववा. दोन चमचे विरजण घुसळा. राइस कुकरच्या सुआननाय मोडवर ८ तास, अजिबात न हलवता. मग फ्रिजमध्ये. पुढचं विरजण यातूनच काढा.