अर्धवट सोडलेला ट्रेक पुरा करायला जाताना

अकराव्या दिवशी माझा उजवा गुडघा सुजून टम्म झाला आणि बावीस दिवसांचा ट्रेक मी मोठ्या खिंडीच्या अलीकडेच सोडला. उरलेला पुरा करायला गेले ती तीन वर्षांनी. मधल्या काळात डोक्यात एकच हिशेब होता: अर्धं झालंय, अर्धं राहिलंय. हा हिशेबच चुकला. वाट अर्धी उरली होती, तयारी मात्र पहिल्यापासून करावी लागली, थोडी जास्तच.

पहिल्या वेळी त्या जागी पोचले तेव्हा दहा दिवस चालून पाय तयार झाले होते, सॅक अंगवळणी पडली होती, विरळ हवा सोसू लागली होती. आता मी घरातल्या पायांनी थेट मधूनच घुसणार होते. उंचीची सवय काही आठवड्यांत उतरते, मागची पुण्याई चालत नाही. ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. सोडलेली जागाच उंचावर असेल तर दोन मुक्काम अलीकडून, खालून सुरुवात करा. चाललेलंच पुन्हा चालायचं जिवावर येतं. मीही आधी कुरकुरले, पण ते दोन दिवस नसते तर तिसऱ्या दिवशी डोकं धरून बसले असते.

काही वाटांना सोयीची मधली जागा असते. कॉर्सिका या फ्रेंच बेटावरची जीआर २० ही वाट साधारण १८० किलोमीटरची, तिच्या मध्यावर व्हिझावोनाला रेल्वे स्टेशनच आहे. सगळीकडे असं नशीब नसतं. परवानगीही नव्याने तपासा. अमेरिकेतल्या पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलचं लांब पल्ल्याचं परमिट सलग ५०० मैल, म्हणजे ८०० किलोमीटर किंवा जास्त चालणाऱ्यांनाच मिळतं. तुमचे तीनशे किलोमीटर उरले असतील तर त्या त्या भागाचं वेगळं परमिट काढावं लागतं.

आता बूट. इथे जरा रेंगाळते.

माझे बूट धुऊन, पुसून, खोक्यात ठेवलेले. दिसायला कोरे करकरीत. सरावाला म्हणून पूर्ण वजनाची सॅक घेऊन एक दिवस चालायला गेले. तिसऱ्या तासाला टाचेखाली काहीतरी मऊ लागायला लागलं, चिखलात पाय पडावा तसं. वाट तर कोरडी खडखडीत. मागे बघितलं तर माझ्याच पावलांमागे करड्या चुऱ्याची रेघ. दहा मिनिटांत उजवा सोल जबडा उघडावा तसा पुढून लोंबायला लागला. बुटाची दोरी त्याच्याभोवती गुंडाळून घरी आले.

पुष्कळ ट्रेकिंग बुटांच्या तळात पॉलियुरेथेनचा, म्हणजे फोमसारख्या प्लास्टिकचा थर असतो. हवेतला ओलावा त्याला आतून कुजवतो, बूट वापरा नाहीतर ठेवून द्या. मग वरचं चामडं शाबूत आणि खाली भुसा. त्या थरावर अंगठा दाबा, बूट वाकवून भेगा बघा. पण खरी परीक्षा एकच: वजनासकट दिवसभर चालणं, आणि तेही निघायच्या दीड-दोन महिने आधी, म्हणजे नवे घ्यावे लागले तर पायात रुळवायला वेळ मिळतो.

पाण्याचा फिल्टर मी न तपासताच बदलला. ओला असताना एकदा जरी गोठला तरी आतले पोकळ तंतू फुटतात आणि बाहेरून काही कळत नाही. मागच्या वेळी शेवटच्या थंड रात्री तो तंबूत होता की बाहेर? आठवेना. आठवत नाही ना, मग नवा घ्या. तंबू उघडून हात फिरवा. आतलं कोटिंग चिकट लागलं, आंबट वास आला, तर तो पावसात गळणार. पिसांची स्लीपिंग बॅग इतकी वर्षं दाबून ठेवली असेल तर ती फुगेनाशी होते.

सराव उताराचा करा. चढाने दम लागतो, पण मांड्या आणि गुडघे मोडतात उताराने. निघायच्या आधीच्या आठवड्यांत तीन-चार मोठे उतार उतरलात तर ट्रेकमधलं दुखणं बरंच कमी होतं. मी जिने उतरत होते, पाठीवर पाण्याच्या बाटल्या घेऊन. शेजाऱ्यांनी विचारणं सोडून दिलं.

मागच्या ट्रेकच्या नोंदींची जुनी वही जपून वाचा, पण तिच्यातल्या वेळा उचलू नका. त्या रुळलेल्या पायांच्या आहेत. नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला चालण्याच्या वेळेचा हिशेब अजून कामाचा आहे: पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक. जड सॅकसाठी मी त्यात तिसरा हिस्सा वाढवते. मोबाइलमधला जुना ट्रॅकही ताडून घ्या. माझ्या ट्रॅकवरची पायवाट दरडीखाली गेली होती, दीड तास फुकट गेला. बर्फाच्या पाण्याचे ओढे मात्र तसेच होते, पहाटे घोट्याएवढे आणि संध्याकाळी मांडीपर्यंत. ते सकाळीच ओलांडा.

तुकड्यांनी केलेला ट्रेक खरा मानायचा का, हा वाद सोडा. अमेरिकेतल्याच अ‍ॅपलेशियन ट्रेल या लांब वाटेची संस्था तरी सलग चालणारे आणि तुकड्यांनी चालणारे यांना सारखाच मान देते.

परतलेल्या माणसाला भीती वेगळीच असते: ‘आता काही झालं तरी सोडायचं नाही’. म्हणून घरी, शांत डोक्याने, कधी थांबायचं ते कागदावर लिहा आणि त्याची एक प्रत सोबत्याकडे द्या. माझ्या चिठ्ठीत तीन ओळी होत्या, पहिली गुडघ्याची: सूज दिसली तर त्या दिवशी चालणं बंद. तेरा दिवसांच्या चालीला मी तीन दिवस राखीव ठेवले होते. नवव्या दिवशी उतारावर गुडघा जड झाला, तंबूत बघितलं तर सुजलेला. मैत्रिणीने न बोलता चिठ्ठी पुढे केली. पहिला राखीव दिवस तिथे गेला, दुसराही.