वेली गुलाब आडवा बांधा, मग बघा
फिक्या गुलाबी रंगाचा, काटक वेली गुलाब हवा असेल तर न्यू डॉन लावा, 1931 मध्ये अमेरिकेत झाडासाठी दिलेलं पहिलं पेटंट याचंच. रोज 6 तास ऊन पाहिजेच. भिंतीपासून दीड फूट लांब खड्डा घ्या, कुजलेलं शेणखत मातीत मिसळा आणि पाणी बुंध्याशीच घाला, पानं रात्रभर ओली राहिली की काळे ठिपके आलेच समजा. आता खरी गंमत, लोक फांद्या सरळ वर चढवतात आणि मग फुलं फक्त शेंड्यालाच, तर तसं न करता कोवळ्या फांद्या हळूहळू वाकवून आडव्या, सुतळीने सैलसर बांधा, मग फांदीवरच्या प्रत्येक डोळ्यातून (कोंब निघतो ती जागा) फुटवा येतो आणि फुलं फांदीभर लागतात. पहिली दोन वर्षं कात्री लांबच ठेवा, फक्त वाळकं काढा. आणि हो, हातमोजे घाला, काटे आकड्यासारखे असतात.